सत्तावीस तारखेच्या सह्या

ऊर्जानगर, चंद्रपूर
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. सुकरी आत्याला,
दिव्याचा सा. न. आणि जोहार. वि. वि.

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून वाच. आमच्या संस्थेचा यंदाचा महिला सन्मान तुला मिळणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सत्तावन्न नावं आली होती. त्यातून पाच बाया निवडल्या, आणि पाचांत पहिलं नाव वाकडीटोल्याच्या सुकरीबाईचं. नाव मी सुचवलं, पण निवडणाऱ्यांत मी नव्हते, नाहीतर तू म्हणशील की भाचीनं घरच्या घरी आत्याला ओवाळलं. फोनवर सांगितलं असतं, पण रेंजसाठी तू टेकडीवर चढणार आणि तुझ्याआधी अर्ध्या गावाला कळणार.

माझ्या वरिष्ठ निशातताई, ज्यांच्या क्वार्टरमध्ये मी खोली घेऊन राहते, त्यांनी तुझी माहिती वाचली आणि विचारलं की ही बाई कधी रागावते की नाही. मी सांगितलं की रोज, आणि बहुतेक माझ्यावरच.

आठ मार्चला शहरात एकही सभागृह रिकामं नाही. त्यामुळे कार्यक्रम २० किंवा २७ मार्चला होईल. तुला कोणती तारीख जमते ते लिही. आणि मंचावर मला तुझ्याबद्दल वाचायचं आहे, तेव्हा झाडांची गोष्ट तुझ्या शब्दांत लिहून पाठव. मला ठाऊक असली तरी तू सांगितलेली वेगळी.

बा बरा आहे ना? माझ्याबद्दल काही बोलतो का? बोलत नसेल तर त्याबद्दल लिहू नकोस.

तब्येत सांभाळ, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी
दिव्या


वाकडीटोला, ता. धानोरा
दि. ४ मार्च २०२५

चि. दिव्याला,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं. मग शेजारच्या बुधरीला वाचून दाखवलं, मग तिनं पुन्हा वाचायला लावलं. ती म्हणाली की सत्तावन्नात पहिली आली म्हणजे आता सुकरीबाई आमच्याशी बोलन का नाई कोण जाणे. मी तिला सांगितलं की बोलीन, पण खुर्चीवर बसून. तू वसतिगृहात गेलीस तेव्हा तुला पत्र लिहिता यावं म्हणून मी चाळिशीत अक्षर शिकले, आणि आता माझ्यावर तूच लिहितेस. माणसानं काय काय पाहावं.

झाडांची गोष्ट लिहिते. आपल्याकडे मोहाचं झाड जंगलात असतं, पण कोणाचं कोणतं ते साऱ्या गावाला पाठ असतं. मोहफूल त्या घरानंच वेचायचं. नवरा मेला की ते झाड दिराकडे जायचं, आणि माहेरी परत आलेल्या बाईला भावाच्या झाडाखाली मजुरीनं वेचावं लागायचं. मी रांडमुंड होऊन परत आले तेव्हा तुझ्या आजानं मरताना ओढ्याकाठचं झाड मला दिलं. तुझ्या बाला, पोचूला, ते अजून पचलेलं नाही. त्याच झाडाच्या फुलांवर तू शिकलीस हे त्याला दिसत नाही, झाड तेवढं दिसतं. सात वर्षांपूर्वी सभेत ठराव झाला की विधवेचं, टाकलेलीचं आणि बिनलग्नाच्या पोरीचं झाड तिचंच राहील. बुधरीसारख्या नऊ जणींना झाडं मिळाली.

आणखी एक लिहिते, ते मंचावर वाचू नकोस. सभा सकाळी भरते आणि मोहफूल पहाटे पडतं. बाया जंगलात, बाप्ये सभेत. निम्म्या बाया हजर नसतील तर ठराव होत नाही असा आपल्या सभेचा नियम आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी मी रजिस्टर घेऊन घरोघर जाते, सह्या घेते आणि कोणाचं काय म्हणणं ते ऐकते. सकाळी मी एकटी सभेत बसून तेविसांच्या वतीनं भांडते. सचिव रामाजीभाऊ डोळे मिटून घेतात. अशा सह्यांवर सात वर्षांत अकरा ठराव झाले. सातवीनंतर पोरीला शाळेतून काढायचं असेल तर आधी सभेला विचारावं लागेल, तोही त्यातलाच.

म्हणून २० तारीख धर. २७ ला सभा आहे. मी नसले तर बायांचं बोलायला कोणी नाही.

पोचूबद्दल लिहू नको म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. जेवत जा. लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी करू नकोस.

सुकरी आत्या


ऊर्जानगर
दि. १२ मार्च २०२५

ती. आत्याला,
सा. न. आणि जोहार. वि. वि.

तुझं पत्र निशातताईंना वाचून दाखवलं. रजिस्टरचा भाग गाळला. खुर्चीवर बसून बोलीन यावर त्या इतक्या हसल्या की हातातला चहा सांडला.

एक अडचण झाली आहे. २० तारखेचं सभागृह मिळालं नाही, त्यामुळे कार्यक्रम २७ लाच ठरला. तू नाराज होशील हे मला माहीत आहे. पण त्या दिवशीच्या सभेत रस्त्याचा आणि बोअरिंगचाच विषय आहे, तेव्हा एवढी एक सभा तू नसलीस तर काही बिघडणार नाही. उलट मी तुमच्यासाठी मोठी गाडी पाठवते. तू एकटी येऊ नकोस. बुधरीकाकी आणि तुझ्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या बाया, बारा जणी सहज मावतील. २६ ला दुपारी निघा, मुक्काम आमच्याकडे करा, २८ ला परत पोचवून देऊ. त्यांनी आयुष्यात एकदा तरी तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला नकोत का?

आणि आत्या, बाचा फोन आला होता. तीन वर्षांनी. त्यानं ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणून मी नोकरीवर आले तेव्हापासून त्यानं माझं नाव टाकलं होतं. टेकडीवर चढून त्यानं विचारलं की जेवली का. मी जेवले नव्हते तरी हो म्हटलं.

तर येच. नाही म्हणू नकोस. तुझ्या मायेवरच सगळं चाललं आहे.

तुझी
दिव्या


वाकडीटोला
दि. ३० मार्च २०२५

चि. दिव्याला,
आशीर्वाद. वि. वि.

आधी चांगलं लिहिते, कारण ते खरं होतं. तू मंचावर माझ्याबद्दल वाचलंस तेव्हा आवाज कुठेही अडखळला नाही. बारा जणींनी टाळ्या थांबवल्याच नाहीत, शेवटी त्या सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं हात जोडले. शाल चांगली आहे, उन्हाळ्यात मिळाली एवढंच. निशातबाईंनी केलेली बिर्याणी बुधरी अजून गावभर सांगते आहे, म्हणजे परवापर्यंत सांगत होती.

आम्ही २८ ला दुपारी परत आलो. काल पहाटे बुधरी टोपली घेऊन आपल्या झाडाखाली गेली. तिनं पाला झाडून जागा लोटून ठेवली होती. त्या जागेवर तिचा दीर बायकोपोरांसह फुलं वेचत होता. तो म्हणाला की सभेचा ठराव झाला, झाड घराचं आहे, तुले पाह्यजे तर मजुरीनं वेच. बुधरी भांडली नाही. रिकामी टोपली घेऊन सरळ माझ्या अंगणात येऊन बसली. त्यानंतर एकेक करून आठ जणी आल्या.

मी रामाजीभाऊंकडे जाऊन रजिस्टर पाहिलं. २७ तारखेला पहिला विषय रस्ता, दुसरा बोअरिंग, तिसरा ऐनवेळी अध्यक्षांनी मांडलेला. अध्यक्ष म्हणजे तुझा बा. ठराव असा, बायांना दिलेली झाडं पूर्वीसारखी घरच्या कर्त्या पुरुषाकडे जातील. सर्वानुमते मंजूर. उपस्थित महिला तेवीस. सह्या खऱ्या आहेत. गाडीत बसायच्या आधी, रस्ता-बोअरिंग बायांच्याही कामाचं म्हणून, मीच घरोघर फिरून घेतल्या. तू लिहिलं होतंस म्हणून मी त्या सगळ्यांना सांगितलं की काही विशेष नाही, निर्धास्त राहा. सर्वांत वर माझी सही आहे.

ओढ्याकाठच्या झाडाखाली आज पोचू होता. मला पाहून त्यानं टोपली उचलली नाही, मान तेवढी खाली घातली.

आता दोन गोष्टी विचारते. सभेचे विषय २७ च्या सकाळपर्यंत गावात कोणालाच सांगितले नव्हते, मलाही नाही. तुला चंद्रपुरात बसून रस्ता आणि बोअरिंग कसं कळलं? दुसरं, जेवताना निशातबाई मला म्हणाल्या की २० चं सभागृह त्यांनी घेऊन ठेवलं होतं, पण तुम्हाला ती तारीख जमत नव्हती म्हणून सोडलं. मला कोणती तारीख जमत नव्हती, दिव्या?

तुझ्यावर आळ घेताना हात जड होतो आहे. तो खोटा असेल तर मला शिव्या घाल, मी आनंदानं खाईन.

आत्या


ऊर्जानगर
दि. ६ एप्रिल २०२५

ती. आत्याला,
सा. न. आणि जोहार. वि. वि.

तुला शिव्या घालता येत नाहीत.

बानं त्या पहिल्या फोनवर जेवली का विचारलं, तब्येत विचारली, आणि मग म्हणाला की कार्यक्रम २७ ले ठेव, अन् बोलणाऱ्या साऱ्या बायाइले एकाच गाडीत ने. मी विचारलं की काऊन. तो म्हणाला की रस्त्याचा अन् बोअरिंगचा विषय आहे, सुकरी असली की दुपार होते. तेवढ्यावर मी गप्प बसले. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्यानं फोन ठेवला असता, आणि पुन्हा केला नसता. दुसऱ्या दिवशी मी निशातताईंना सांगितलं की आत्याला वीस जमत नाही.

मला माहीत नव्हतं असं मी तुला लिहू शकते. तीनदा लिहिलं आणि फाडलं. खरं हे आहे की मला अंदाज होता. ओढ्याकाठच्या झाडाचं बाच्या मनात काय आहे ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला वाटलं की तो फार तर तुझ्या एका झाडाचं काढेल, आणि ते तू परत मिळवशील, कारण तू सगळंच परत मिळवतेस. बुधरीकाकीचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मंचावर तुझ्याबद्दल वाचत होते तेव्हा घड्याळात साडेअकरा झाले होते. गावात त्या वेळी सभा चालू आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी वाचत राहिले.

तो आता दर रविवारी फोन करतो. काय खाल्लं ते विचारतो. मी एवढ्यासाठी हे केलं. लिहायला लाज वाटते, पण दुसरं कारण नाही.

मी काय करू ते सांग. सांगशील ते करीन. माया मागायचं तोंड उरलेलं नाही.

दिव्या


वाकडीटोला
दि. ११ एप्रिल २०२५

चि. दिव्याला,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. बुधरीला वाटलं की गावात कोणी गेलं. तिनं विचारलं की कोणाचं पत्र आहे. मी तुझं म्हणून सांगितलं. काय लिहिलं ते तिनं विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहून समजली.

बाप सर्वांनाच हवा असतो. तुझी आई गेल्यावर तो तुला मांडीवर घेईना, तेव्हा मी घेतलं. पण माझी मांडी वेगळी आणि त्याची वेगळी, एवढं मलाही कळतं. राग त्याचा नाही. राग याचा आहे की तू मला विचारू शकली असतीस. माझं झाड मागितलं असतंस तर मी तुझ्या बापाला हातानं देऊन टाकलं असतं. बाकीची नऊ झाडं माझी नव्हती, आणि तुझीही नव्हती.

काय करायचं ते विचारलंस, म्हणून सांगते. २४ तारखेला सभा आहे. रामाजीभाऊ म्हणतात की दोनच वाटा आहेत. अध्यक्षानं बायांना मुद्दाम बाहेर धाडून ठराव घेतला असं सिद्ध झालं तर तो एकच ठराव पडतो, बाकी सारं राहतं. हे सिद्ध करणारं माणूस एकच आहे. निशातबाईंना यात ओढू नकोस, त्यांना तू सांगितलंस तेवढंच ठाऊक. दुसरी वाट अशी की मी उभं राहून सांगायचं, सह्या आदल्या दिवशीच्या आहेत. मग २७ चा ठराव पडेल, पण तशाच सह्यांवरचे सात वर्षांचे अकराही पडतील. पोरींच्या शाळेचाही त्यातच जाईल.

तेव्हा तू ये. बापासमोर उभं राहायला जीव धजत नसेल तर सभेच्या नावानं चार ओळी लिहून पाठव. तारीख कोणी सांगितली एवढंच लिही, शिव्याशाप नको. तुझा बाप पुन्हा बोलणं टाकेल हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून मी मागते आहे.

वाट पाहते. माझा तुझ्यावरचा जीव गेलेला नाही, दुखावला आहे.

आत्या


ऊर्जानगर, चंद्रपूर
दि. १९ एप्रिल २०२५

प्रति,
मा. सचिव, ग्रामसभा, वाकडीटोला

स. न. वि. वि.

महिला सन्मान कार्यक्रमाची २७ मार्च ही तारीख सभागृहाच्या उपलब्धतेनुसार कार्यालयाने ठरवली होती. ती ठरवताना गावातील कोणाशीही चर्चा झालेली नव्हती. त्या दिवशीच्या सभेतील विषयांची मला माहिती नव्हती. सुकरीबाईंच्या विनंतीवरून हे पत्र देत आहे.

कळावे.

आपली विश्वासू
दिव्या पोचू पदा


वाकडीटोला
दि. २६ एप्रिल २०२५

दिव्याला,
वि. वि.

सभा झाली. तुझं पत्र रामाजीभाऊंनी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा कानांवर विश्वास बसला नाही. अक्षर फार सुंदर आहे. पोचू खाली पाहत होता, पण त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. मग त्यानं विचारलं की कोणाले आणखी काई बोलाचं आहे काय.

त्या दिवशी तेवीसच्या तेवीस बाया स्वतः येऊन बसल्या होत्या. शेवटच्या बहराची फुलं झाडाखाली तशीच सोडून. बुधरी माझ्या शेजारी होती. तिची नजर माझ्या पिशवीवर होती, कारण तुझं सहा तारखेचं पत्र त्या पिशवीत आहे हे तिला माहीत होतं. तिनं मला कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाली की सुकरीबाई, काढ ना ते, काऊन थांबून राह्यली.

मी उभी राहिले आणि सांगितलं की २७ च्या साऱ्या सह्या २६ च्या सकाळी घेतल्या आहेत, त्या मी घेतल्या, आणि सात वर्षं मीच घेत आले. रामाजीभाऊंनी चष्मा काढला. कोणीतरी मागून म्हणालं की म्हणजे मग सारंच खोटं. मी म्हटलं की सह्या खोट्या, म्हणणं खरं होतं. पण सभा सह्या पाहते. २७ चा ठराव पडला आणि त्याच्यासोबत अकराही पडले, झाडांचा जुनाही. करिश्माच्या बापानं तिथंच सांगितलं की पोरीले जूनपासून शाळेत नाई धाडत. ती आठवीत जाणार होती.

पुढची सभा १५ मेला आहे. झाडांचा विषय मी पुन्हा पहिला लावला आहे, शाळेचा दुसरा. सभा आता दुपारी भरेल, एवढं मात्र बायांनी भांडून घेतलं. मी नाही, त्यांनी. माझ्याशी सध्या फारसं कोणी बोलत नाही. बुधरी तर मुळीच नाही. माझ्याकडे कागद असताना मी तो का काढला नाही, हे ती मला विचारते आणि मी उत्तर देत नाही.

तुला उत्तर देते. ते पत्र तू आत्याला लिहिलं होतंस, सभेला नाही. सभेला जे लिहिलंस ते सभेनं ऐकलं. घरातलं पत्र चौकात वाचायचं असतं तर मी तुला कधी एकही लिहिलं नसतं. पण उभी राहिले तेव्हा हात पिशवीत गेला होता, हे खोटं कशाला सांगू. बोटांना कागद लागला होता.

रविवारी तुझ्या बाचा फोन येईल. घे. त्याच्यावर राग धरू नकोस, त्यानं लपवलं पण तुझ्यासारखं माझ्या मांडीवर बसून नाही. मला मात्र काही दिवस लिहू नकोस. लिहावंसं वाटेल तेव्हा मी लिहीन. कधी ते आज माहीत नाही.

सहा तारखेचं तुझं पत्र यासोबत परत पाठवते आहे. १५ मेला मी पुन्हा सभेत उभी राहणार आहे, समोर बुधरी बसलेली असेल, आणि ते माझ्याजवळ असलं तर या खेपेला मी वाचून दाखवीन.

सुकरी